जयवंताने फियाट खरवडली

जयवंता दिवसभर ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघते. तेच तिचं काम आहे. चिक्कडपल्लीतल्या विमा कंपनीच्या ऑफिसात तिचं टेबल माझ्यासमोर आहे. लोक क्लेमसाठी फोटो पाठवतात. कोणता पोचा कालचा आणि कोणता गेल्या वर्षीचा, हे तिला ठरवायचं असतं.

"पुणेकर, हे बघ." ती स्क्रीन माझ्याकडे फिरवते. "म्हणतोय काल संध्याकाळी बसनं ठोकली. पोच्यात गंज, गंजावर धूळ, धुळीवर कोळ्याचं जाळं. कोळ्याचा पण क्लेम घालू का?"

मग ती हसते. अख्खं ऑफिस माना वर करतं.

माझं नाव मेधा आहे. ती मला पुणेकर म्हणते. मी साहित्यात एम.ए. केलं आणि आता ग्राहकांना जाणारी पत्रं नीट करते. जयवंताचं शिक्षण तेलुगू शाळेत झालं. मराठी तिच्या घरची, नांदेडकडची, पण पाटी वाचायची तर अक्षर अक्षर जुळवत वाचते. बोलताना "हौ" आणि "नक्को" शिवाय तिचं वाक्य पुरं होत नाही. उंच आहे. चालते ती धावल्यासारखी. कशाचाही आनंद झाला की समोरच्याच्या पाठीत थाप मारते. माझ्या पाठीला तिची सवय झाली आहे.

फेब्रुवारी संपता संपता एका रविवारी ती म्हणाली, "चल, आत्याकडे. खरी ठोकलेली गाडी दाखवते."

पंचफुला आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेल्या. एकट्या राहतात, ऑफिसपासून चार गल्ल्या सोडून. घराशेजारी पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये फियाट. जुनी, गोल डोळ्यांची, निळी. इतकी निळी गाडी मी पाहिली नव्हती. रंग केकवरच्या क्रीमसारखा जाड होता. दाराच्या कडा त्यात बुडून गोल झाल्या होत्या.

"हात लाव," जयवंता म्हणाली.

मी मागच्या चाकावरच्या पत्र्याला बोट लावलं. पत्रा मऊ लागला. मी दचकून बोट मागे घेतलं.

"पत्रा नाहीच तिथं," ती म्हणाली. "नुसता रंग आहे."

ही गाडी तिच्या आजोबांची. संभाजी आजोबा एका अधिकाऱ्याचे ड्रायव्हर होते. अधिकारी हैदराबाद सोडून गेला तेव्हा गाडी त्यांच्याकडे आली. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला गाडीच्या टपावर बाबासाहेबांची प्रतिमा बांधायची आणि गल्लीतून टँकबंडवर पुतळ्यापर्यंत न्यायची. आधी आजोबांनी चालवली, नंतर जयवंताच्या वडिलांनी. ड्रायव्हरशेजारची जागा आत्यांची. ती कधी बदलली नाही.

मागच्या जयंतीला गाडी मोठ्या रस्त्याला वळली आणि आत्यांचा पाय तळाच्या पत्र्यातून आरपार गेला. पाय वर आला. चप्पल रस्त्यावर राहिली.

"मागच्या पोरांनी चप्पल आणून दिली," आत्या मला सांगत होत्या. त्या स्पष्ट बोलतात, प्रत्येक शब्द वेगळा. "जय भीम म्हणून दिली. मी काय बोलणार? घेतली."

जयंती मंडळाच्या बैठकीत ठरलं की यंदा ट्रक. मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, गाडीचं आयुष्य झालं. कोणी विरोध केला नाही. आत्याही नाही. घरी आल्यावर मात्र त्या जयवंताला म्हणाल्या, "जयंतीला गाडी निघाली तर तुझी. चालवशीलही तूच. नाही निघाली तर भंगारवाल्याला मी स्वतः बोलावते. नुसती उभी गाडी मला बघवायची नाही."

जयवंता याच गाडीवर चालवायला शिकली होती. वडिलांच्या मांडीवर बसून, स्टिअरिंगच्या खालून बघत. तिने लगेच हो म्हटलं. गाडीखाली काय आहे ते न बघता.

भगवंतरावांनीही अट घातली. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पाइप जोडले, गळती शोधली. "गाडी सडली ती पाण्यानं," ते म्हणाले. "दरवर्षी मी एकेक फट बुजवतो, तरी पाणी शिरतंच. तू दुरुस्त कर पोरी, पण मी आधी पाइपनं पाणी मारून बघणार. आत थेंब दिसला तर ट्रक."

"मारा काका," जयवंता म्हणाली. "आख्खा हुसेनसागर मारा."

पहिल्याच रविवारी फजिती झाली. तिने भाड्याने ग्राइंडर आणलं होतं. त्याला तारेचा ब्रश लावला आणि दाराखालच्या सांध्यावर टेकवला. सांध्यात काळं, चिवट काहीतरी वर्षानुवर्षं भरलेलं होतं. ब्रशने ते निघालं नाही. वितळलं. धूर झाला. मग त्याच्या काळ्या चिकट गुठळ्या बंदुकीच्या गोळ्यांसारख्या सुटल्या. एक माझ्या चष्म्यावर. बाकी सगळ्या आत्यांच्या पांढऱ्या साडीवर. साडी दोरीवर वाळत होती.

आत्या बाहेर आल्या. साडीकडे बघितलं.

"जये," त्या म्हणाल्या, "ही साडी पण टपावर बांधणार आहेस का?"

त्या दिवशी दुपारी खाजाभाई आले. गौलीगुड्यात त्यांची डेंटिंगची शेड आहे. क्लेमच्या कामामुळे जयवंता त्यांना ओळखते. अंदाज देताना ते पोचा नेहमी थोडा मोठा सांगतात, आणि ती त्यांना नेहमी पकडते. त्यामुळे दोघांची मैत्री आहे. रमजान चालू होता. खाजाभाई सावलीत उकिडवे बसले, गाडीकडे बघितलं, मग ग्राइंडरकडे.

"अम्मा, कायकू इत्ता गुस्सा कर रै उसपे?" ते म्हणाले. "ऐसा घुमाएंगे तो चिपकताच जाता. पैले गरम करो. हल्लू. नरम हुआ तो खुरचो. फिर थिनर का कपडा. ब्रश सबसे आखिर में."

"तुम्ही करा ना."

"रोजे में मेरेकू ये धुआँ नक्को. ईद के बाद वेल्डिंग मैं करतौं. खुरचना तुमारा."

असं काम वाटून झालं. खरवडायचं आम्ही, जोडायचं त्यांनी.

मग दर रविवार. मग रोज ऑफिसआधीची सकाळ. हीट गन म्हणजे मोठ्या हेअर ड्रायरसारखं यंत्र. ते एका हाताने धरायचं, सांध्यावर फिरवायचं. जुनं सीलंट, म्हणजे सांध्यातला तो काळा चिवट लेप, हळूहळू चमकू लागतं, फुगतं. नेमक्या त्या क्षणी लोखंडी पट्टी घालून ते ओढायचं. घाई केली तर तुटतं. उशीर केला तर जळतं, आणि वास डोक्यात चढतो. बरोबर वेळ साधली तर सीलंटची वीतभर लांब फीत एकदम सुटून येते. तेव्हा जे वाटतं ते मला नीट लिहिता येत नाही. पहिली फीत सुटली तेव्हा मी ओरडले. जयवंताने पाठीत थाप मारली.

रंगाखाली रंग होते. निळ्याखाली निळा, त्याखाली आणखी निळा. दर जयंतीचा एक. मधेमधे सीलंट. एका वर्षी डांबर. एका वर्षी घरात भिंतीला वापरतात ती लांबी. एका जागी कापडाची चिंधी डांबरात बुडवून चेपलेली. सगळ्यांत खाली, नखाएवढ्या जागेत, एक फिकट करडा. गाडीचा मूळ रंग.

"आत्या!" जयवंता किंचाळली. "गाडी निळी नव्हतीच!"

आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आल्या. "मग? साहेबाची होती. आपली झाली तेव्हा निळी झाली."

हाताने काय काय कळतं, हे मला त्या दिवसांत समजलं. रंग निघाला की जयवंता लहान हातोडीने पत्र्यावर टकटक करत जायची. चांगला पत्रा "ठण्" वाजतो. सडलेला वाजत नाही, "थप्" म्हणतो. थप् आलं की ती खडूने गोल काढायची. आधी चार गोल होते. मग मोजणं सोडलं. दरवाजाखाली, चाकांवर, तळाला, सगळीकडे खडू. हातोडीच्या टोकाने जरा दाबलं की गोल आत पडायचा आणि पलीकडची जमीन दिसायची.

हे बघायला आत्या शेडमध्ये आल्या. तोवर तळाचा अर्धा पत्रा उघडा पडला होता. उजेड आरपार जात होता.

"माझ्या बापाच्या गाडीची चाळणी केलीस," त्या म्हणाल्या.

"मी केली नाही, आत्या. मी फक्त उघडलं."

"मागच्या वर्षी ही गाडी चालत होती."

"मागच्या वर्षी तुमचा पाय खाली गेला होता."

"पण चालत होती!"

आत्या आत गेल्या. दार लावलं. त्या दिवशी चहा आला नाही. जयवंता हीट गन घेऊन परत सांध्यावर वाकली. तिचं तोंड मास्कमध्ये होतं, पण ती हसत नव्हती हे कळत होतं. मी पहिल्यांदाच विचार केला की जयंतीच्या दुसऱ्या दिवशी इथे भंगारवाला येऊ शकतो. खडूचे एवढे गोल कोण भरणार?

पुढच्या सकाळी ती गाडीखाली आडवी झाली होती. दरवाजाखाली गाडीच्या लांबीने एक पोकळ पट्टी जाते. खाजाभाई तिला सिल म्हणतात. सगळ्या गाडीचा भार तिच्यावर. सिल वाजवली तर ठण् नाही, थप् नाही, तिसराच आवाज येत होता. भरलेल्या माठासारखा.

"पुणेकर, बॅटरी धर. इथं काय आहे?"

मी मोबाइलचा उजेड पाडला. सिलच्या खालच्या अंगाला पांढरे, दगडासारखे गोळे होते. ठरावीक अंतरावर. तिने एक पट्टीने खरवडला. आतून सुतळी निघाली.

"हे सीलंट नाही," ती म्हणाली. "हे काय आहे?"

तिने स्क्रूड्रायव्हर घातला आणि फिरवला. गोळा फिरला. सुटला.

पाणी आलं. तपकिरी, गार, सडक्या लोखंडाच्या वासाचं. सरळ तिच्या तोंडावर. धार थांबेना. मला वाटलं ती उठून पळेल. ती तिथेच पडून हसत होती. इतक्या मोठ्याने की शेजारच्या गच्चीवरून माणसं वाकली.

"सापडलं!" ती गाडीखालून ओरडत होती. "पुणेकर, सापडलं! भोकं आहेत! ही भोकं कंपनीनंच ठेवलीत, पाणी जायला! कोणीतरी बुजवलीत!"

ती बाहेर आली. चेहऱ्यावर गंजाचे ओघळ. मला हाताला धरून तिने सगळं दाखवलं. काचेच्या कडेतून दारात पाणी जातंच. प्रत्येक गाडीत जातं. दारातून ते सिलमध्ये उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. तसंच ठरलेलं आहे. इथे बाहेर पडायला वाटच नव्हती. आत्या दर रविवारी गाडी बादलीने धुवायच्या. ते पाणी आत राहत होतं. वरून सीलंट, खालून गोळे. गाडी आतून सडत होती, आणि जितकी सडेल तितकं वरून आणखी बुजवत होते.

"पण बुजवलं कोणी?"

आवाजाने आत्या बाहेर आल्या होत्या. त्यांनी खाली पडलेला गोळा उचलला. बोटांत फिरवला.

"सफेदा आणि सुतळी," त्या म्हणाल्या. "नळाचा सांधा असाच भरतात. भगवंतराव."

जयवंताने चेहऱ्यावरचं पाणी बाहीने पुसलं.

"दर जयंतीच्या आधी येतो," आत्या म्हणाल्या. "माझे बाबा थकले त्या वर्षापासून. पांढरे कपडे घालून गाडीखाली झोपतो. मी म्हणते, कपडे खराब होतील. म्हणतो, संभाजीरावांची गाडी आहे, एक भोक सोडणार नाही."

जयवंताचं हसू गेलं. मग परत आलं. मग परत गेलं. "मी सांगते त्यांना. आजच."

"नाही सांगायचं."

"आत्या, त्यांनी भोकं..."

"नाही सांगायचं, जये. त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही केलं नाही, भोकं बुजवली. आता म्हातारपणी त्याला सांगशील की गाडी तूच सडवलीस? तू गाडी नीट कर. नीट झाली की झालं."

बाकीचे गोळे आम्ही त्याच सकाळी काढले. दोन्ही बाजूंनी पाणी गेलं. शेडमध्ये तपकिरी ओहोळ झाला आणि गल्लीच्या गटाराला मिळाला. दुपारी चहा आला. सोबत पोहे आले.

ईद झाली. खाजाभाई शीरखुर्म्याचा डबा आणि वेल्डिंगचं मशीन एकाच रिक्षात घालून आले. खडूचे गोल बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "इत्ता खुरचने कू मैं नै बोला था." मग हसले. "अच्छा करे. आधा खुरचे तो आधा सड़ताच रैता."

मग मी जे पाहिलं त्याने थक्क झाले. खाजाभाई सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापत गेले. नवा तुकडा कात्रीने कापला, हातोडीने त्याला बाक दिला आणि जागी बसवला. वेल्डिंग एका रेषेत केलं नाही. एक टाका इथे, एक तिथे, तिसरा भलतीकडे. एका जागी ताप साठला तर पत्रा वाकडा होतो. टाके वाढत गेले, जवळ येत गेले, आणि शेवटी त्यांची रेघ झाली. मी वर्तमानपत्र वाचावं तशी ती रेघ वाचत बसायची.

जयवंता मागून औषध लावत जायची. जिथे गंज खोल गेला नव्हता तिथे ते औषध लावलं की तांबडं काळं पडतं आणि गंज तिथेच मरतो. त्यावर प्रायमर. प्रायमर सुकला की मग सीलर, म्हणजे सांधे बुजवायचं नवं सीलंट. उघड्या लोखंडावर सीलर लावायचा नाही. गंजावर तर कधीच नाही. हे ती स्वतःशी पुटपुटायची. तिने बोटाने सीलर सांध्यात दाबला, ओढला, वरून गुळगुळीत केला. प्रत्येक भोकाशी आली की थांबली. भोकात काडी घालून बघितली. मोकळं.

भगवंतराव संध्याकाळी चक्कर मारायचे. पांढरा शर्ट, खिशात पेन. शेडच्या तोंडाशी उभे राहून म्हणायचे, "काय गं, बुजवलं का सगळं?"

"वरचं बुजवलं, काका."

"खालचं मी बघतो. माझं सामान आहे."

"खालचं झालंय!" जयवंता आणि मी एकदम म्हणायचो.

"एवढ्या लवकर?" त्यांचा चेहरा पडायचा. मग जरा वेळ थांबून निघून जायचे. दोनदा तर ते सामानाची पिशवी घेऊनच आले. आत्यांनी त्यांना चहाला आत नेलं आणि पिशवी आपल्या मागे ठेवून बसल्या.

आणि मग तो दिवस आला. जयंतीच्या आदल्या रविवारची सकाळ. गाडी शेडच्या बाहेर होती. राखाडी, सगळी राखाडी, प्रायमरमध्ये. टाके दिसत होते. ती नवी दिसत नव्हती. आजारातून उठलेल्या माणसासारखी दिसत होती, हडकुळी आणि ताठ.

गल्ली जमली होती. गच्च्यांवर माणसं. खाजाभाई खुर्चीवर. भगवंतराव पाइप घेऊन. त्यांच्या काखेत ती पिशवी होती.

"निळी नाही?" कोणीतरी विचारलं.

"प्रायमर पक्का होऊ दे," आत्या म्हणाल्या. "झेंडा निळा आहे ना? बास."

आतल्या तळावर जयवंताने पिठासारखी कोरडी वर्तमानपत्रं अंथरली. एक टिपका पडला तरी दिसला असता. आत आत्या पुढे त्यांच्या जागेवर बसल्या. मी मागे. काचा वर. जयवंता बाहेर, हाताची घडी घालून. तिला उभं राहवत नव्हतं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होती.

"सोडा!" भगवंतराव ओरडले.

पाण्याची मोटार सुरू झाली. पाणी टपावर आदळलं. आत ढोल वाजल्यासारखं झालं. त्यांनी पाइपच्या तोंडावर अंगठा धरला होता, धार सुरीसारखी केली होती. पुढची काच. मागची काच. दारांच्या कडा, वरून खाली, परत वर. गळती शोधण्यात त्या माणसाचा हात मुरलेला होता. आत्या सरळ समोर बघत होत्या. मी खाली बघत होते. कागद. कागद. कागद कोरडा.

"कोरडं!" मी आतून ओरडले.

"थांब!" ते बाहेरून ओरडले. चाकांवर मारलं. दारावर मारलं, बराच वेळ.

"कोरडं! आत्या, कोरडं!"

आत्यांनी पाय उचलून तळावर आपटला. जोरात. परत आपटला. तळ ठण् वाजला. त्या वळल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होते.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "गळतंय! अरे, गळतंय! बंद करा!"

मी दार उघडून बाहेर पडले. भगवंतराव गुडघ्यांवर होते. सिलखालून पाणी वाहत होतं. एका भोकातून, दुसऱ्यातून, ओळीने. त्यांनी पिशवी उघडली होती. एका हातात सुतळी, दुसऱ्यात सफेद्याचा गोळा.

"मी म्हणत होतो, खालचं मी बघतो! हे बघा, हे उघडंच ठेवलंय! आणा, लवकर..."

त्यांचा हात भोकाकडे गेला. जयवंता तिथेच खाली बसली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"काका, नक्को."

"गळतंय पोरी!"

"गळू द्या."

"काय?"

"गळायलाच पाहिजे ते, काका."

मोटार बंद झाली होती. फक्त पाण्याचा आवाज. ओळीने, जमिनीवर. पाणी स्वच्छ होतं.

भगवंतरावांनी पाण्याकडे बघितलं. मग उघड्या दारातून आत, कोरड्या कागदांकडे. मग हातातल्या गोळ्याकडे. त्यांनी पाण्याखाली तळवा धरला. पाणी तळव्यातून वाहून गेलं.

"मागच्या वर्षी," ते हळू म्हणाले, "ही भोकं..."

जयवंताने आत्यांकडे बघितलं. आत्या गाडीतून उतरल्या होत्या. जयवंता खाली बघू लागली. तिच्यासारखी बाई गप्प बसली, हेच उत्तर होतं.

"त्याच्या आधीच्या वर्षी पण," भगवंतराव म्हणाले.

"तुम्ही गाडी सांभाळली," आत्या म्हणाल्या. "आमच्यातलं कोण खाली झोपत होतं?"

त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते तसेच ओल्या जमिनीवर बसून होते. पांढरी विजार चिखलाने भरली होती. मला वाटलं ते उठतील आणि निघून जातील. खाजाभाई खुर्चीतून अर्धे उठले. गच्चीवरचं एक पोर काहीतरी बोलायला गेलं आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

मग भगवंतरावांनी मान तिरकी केली. सिलच्या कडेने डोळा लावला. पुढून मागपर्यंत बघितलं. मग परत.

"म्हणजे ही मोरी आहे," ते म्हणाले.

"हौ," जयवंता म्हणाली.

"अगं, मग मोरी आहे म्हणून सांगायचं ना आधीच!" त्यांचा आवाज एकदम चढला. "मोरीला कोणी बूच मारतं का? नळ वेगळा, मोरी वेगळी! इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नाही ही मोरी आहे! संभाजीरावांनी सांगितलं नाही, तुझ्या बापानं नाही! पंचफुलाबाई, तुम्हीसुद्धा?"

"मला काय माहीत?" आत्या म्हणाल्या. "मी टेलिफोनमध्ये होते."

हसण्याचा पहिला आवाज खाजाभाईंचा होता. मग सगळी गल्ली. भगवंतराव हसले नाहीत. त्यांनी हाताने सगळ्यांना गप्प बसायची खूण केली. ते गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले, चालत नाही, रांगत. तिथे परत डोळा लावला.

"परत पाणी सोडा," ते म्हणाले. "हल्लू. वरून."

पाणी सुरू झालं. जयवंता त्यांच्या शेजारी ओणवी झाली. मीही.

"बघ," ते म्हणाले. "त्या बाजूची धार बोटाएवढी. ही करंगळीपेक्षा बारीक. मधल्या भोकावर अडतंय. आत वेल्डिंगचा खडा पडला असणार, नाहीतर तुझा सीलर आत ओघळलाय. आज असंच ठेवलं तर पाच वर्षांनी इथून सडेल."

"नै पडता मेरा खडा," खाजाभाई मागून म्हणाले.

"तार आणा," भगवंतराव म्हणाले. "वाकडी नको, सरळ. टोकाला आकडा करा."

जयवंता धावली. तार घेऊन आली तेव्हा भगवंतराव आधीच गाडीखाली होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि ओल्या चपला. तिने तार खाली सरकवली आणि मग स्वतःही त्यांच्या शेजारी आडवी झाली. दोघांचं खाली काहीतरी चाललं होतं. "अजून आत." "डावीकडे घ्या, काका." "अगं, माझा हात आहे तो!" तार खरखरली.

"अध्यक्ष," गच्चीवरून एक जण म्हणाला, "मग ट्रकचं काय?"

तार थांबली. मी आत्यांकडे बघितलं. आत्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभ्या होत्या.

"पंचफुलाबाई," गाडीखालून भगवंतरावांचा आवाज आला, "माझा फोन वरच्या खिशात होता, तो भिजला. तुमचा आहे ना? ट्रकवाल्याला लावा. म्हणावं, येऊ नको."

आत्यांनी पदराने हात पुसला आणि फोन काढला. गाडीखालून जयवंताची किंकाळी आली, आणि पाठोपाठ ती थाप. या वेळी माझ्या पाठीत नव्हती. "अगं, हळू!" भगवंतराव ओरडले.

आत्यांनी फोन कानाला लावला. "हॅलो," त्या म्हणाल्या, प्रत्येक शब्द वेगळा. "चौदा तारखेचा ट्रक रद्द करायचा आहे. हो. आमची गाडी आहे."